इशारा पातळी

जुलैत आमच्या गावात माणसं एकमेकांना विचारतात,
'किती झालं?'
काय किती, हे सांगावं लागत नाही.
राजाराम बंधाऱ्याचं पाणी.
एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका,
शेंबड्या पोरालाही पाठ.

आमच्या घरात हा प्रश्न बारा महिने.
रत्नप्रभा चहा ठेवते, पाठमोरीच विचारते,
'किती तास झोपलासा?'
सहा म्हटलं की कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी,
सहा लिहिते.
पाच आले तर भांडी जरा हळू ठेवते.
चार आले तर माझं एटीएम कार्ड
ज्वारीच्या डब्यात जातं.
कुठल्या डब्यात ते मला माहीत आहे.
मला माहीत आहे हे तिला माहीत आहे.

त्या वर्षी तीन रात्री झोप नव्हती
आणि तिची गरजही नव्हती.
पहाटे गंगावेशीतल्या कट्ट्यावर
उभ्या असलेल्या सगळ्यांना दूध पाजलं,
फेसासकट, ग्लासावर ग्लास,
गस्तीवरच्या पोलिसालासुद्धा.
मग म्हशीच पसंत पडल्या.
दोघींचा विसार दिला,
लेथच्या हप्त्याचे पैसे होते ते.
लोकांनी पाठीवर थाप मारली, 'नाद खुळा!'
इथं कौतुकालाही खुळाच म्हणतात.
त्यात मी कौतुकातून कधी बाहेर पडलो
आणि नुसता खुळा कधी झालो
हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

खोटं कशाला बोलू,
त्या दिवसांत लेथवरून उतरणाऱ्या लोखंडाच्या सालीचा निळा रंग
मला जसा दिसला
तसा परत दिसला नाही.
डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं
आणि थोडा वेळ काहीच लिहिलं नाही.

पाणी उतरल्यावर दुकानाचं शटर वर करा,
जो वास येतो
त्यात मी चार महिने राहिलो.
हातात ब्रश, ब्रशवर पेस्ट,
मोरीपाशी उभा, अकरापासून साडेबारापर्यंत.
बाबालाल मिस्त्री उद्यमनगरातून रोज यायचा,
बसायचा,
पेपरातला गुळाचा भाव मोठ्यानं वाचायचा.
आमच्या दोघांच्या सात पिढ्यांचा गुळाशी संबंध नाही.
एके दिवशी मी म्हणालो, 'काल तर जास्त होता की.'
त्यानं पेपर घडी केला
आणि बाहेर जाऊन नाक शिंकरलं.

आता तीन महिन्यांनी राजारामपुरीत रक्त देतो.
पॉइंट सात आलं की पेढे वाटावेत असं वाटतं,
पण पेढे वाटावेसे वाटणं हेही
घरी सांगावं लागतं.
मीठ एकदम कमी करू नका, म्हणतात, पाणी भरपूर प्या.
तहान तर अशी की तांब्या उशाला.
बशी हातात वाजते.
लेथवर मात्र वाजत नाही काही,
तिथं लोखंडच मला धरून ठेवतं.

काल शलाका पहिल्यांदा सायकलवरून
हात न धरता गल्लीच्या टोकापर्यंत गेली.
मी ओरडलो, टाळ्या वाजवल्या,
शेजारच्या मगदूम काकू खिडकीत आल्या.
आणि मधेच थांबलो.
आवाज जास्त झाला का?
शब्द एकमेकांच्या टाचेवर पाय देतायत का?
बापाला होतो तेवढाच हा आनंद आहे
की वरच्या धरणातून काही सुटलंय?
पोर वळून बघत होती, अजून ओरडेल म्हणून.

रात्री बातम्यांत पाणी सदतीस फूट.
रत्नप्रभानं विचारलं, 'किती?'
'नदीचं का माझं?'
'दोन्ही सांगा.'
दळणासाठी ज्वारी काढताना
कार्ड खाली पडलं.
तिनं उचललं, पदराला पुसलं,
पुन्हा ज्वारीत खुपसलं,
आणि झाकण लावायची राहिली.
मी गोळ्या घेतल्या. दहा वाजले होते.